हसनभाई तारीख सांगायचे

हसनभाई सोलकर ऑफिसात कधी 'इंशाल्ला', म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर, असं म्हणत नसत. बहरीनमध्ये राहून हा शब्द टाळायचा म्हणजे कोकणात राहून भात टाळण्यासारखं आहे. गॅसवाल्याला सिलिंडर कधी आणतोस विचारलं तर इंशाल्ला, घरमालकाला गळका नळ कधी दुरुस्त होणार विचारलं तर इंशाल्ला. आमच्या ऑफिसातला थॉमस केरळचा, तिथली सुट्टी शुक्रवारी म्हणून दर शुक्रवारी चर्चमध्ये जाणारा, तोसुद्धा उठता बसता इंशाल्ला म्हणायचा. आणि हसनभाई तर पाच वेळा नमाज पढणारे. घरी, मशिदीच्या दारात, गावाकडच्या माणसाशी फोनवर बोलताना हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा असायचा. पण कॉम्प्युटर विभागाच्या दारातून आत पाऊल टाकलं की तो बाहेर चपलांसारखा काढून ठेवायचे.

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी मला एक रिपोर्ट करायला दिला होता. मी नवा होतो, चिपळूणहून व्हाया पुणे आलेलो, इथलं पाणी लागलंय असं दाखवायची हौस होती. मी म्हणालो, बुधवारपर्यंत होईल, इंशाल्ला. थॉमसनं लगेच मान खाली घातली. हसनभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "त्याला मध्ये घेऊ नकोस. वायदा तुझा हाय. तारीख सांग."

मी तारीख सांगितली. मग ती पाळायला जीव काढावा लागला, हे वेगळं.

आमची कंपनी एअर कंडिशनर, फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकायची आणि दुरुस्त करायची. त्या मुलखात एअर कंडिशनर विकणाऱ्याला मरण नसतं, त्यामुळे धंदा जोरात होता. राजधानीत, मनामात मोठं ऑफिस, शहरभर शोरूम, आणि सगळ्यांचा हिशेब ठेवणारं एक मोठं मशीन. ते एका थंडगार खोलीत ठेवलेलं असायचं. त्यावर चालणारं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर हसनभाईंनी एकट्यानं, आम्ही कुणी यायच्या आधी लिहिलेलं होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं तेव्हा हा माणूस आत तपकिरी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसलेला असायचा. खदीजाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विणलेला. ऑफिसमधले अरब लोक त्याला हसायचे. हसनभाई म्हणायचे, मशीनला थंडी लागते, मग मला का लागू नये?

अंगानं ठेंगणे, आवाज बारीक, चालणं भरभर. राजापूरच्या खाडीकाठचं गाव. मराठी शाळेत शिकलेले, आणि त्या शाळेतल्या मास्तरांनी पाठ करून घेतलेलं सगळं त्यांना येत होतं. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी चिपळूण. थॉमस कोट्टायम. अमल ही आमच्याबरोबर काम करणारी बहरीनी बाई, तिला ते मुहर्रक म्हणायचे आणि ती हसून ओ द्यायची. घरी निघताना सगळ्यात शेवटचं काम म्हणजे आपल्या मॉनिटरच्या डोक्यावर दोन थापट्या मारायच्या आणि म्हणायचं, झोप आता.

त्यांची आणखी एक सवय सांगतो, कारण पुढे तिच्याशी गाठ आहे. एखादं काम करायचं ठरलं की ते त्याच दिवशी मशीनला सांगून मोकळे व्हायचे, मग ते काम सहा महिन्यांनंतरचं का असेना. मोठ्या मशीनवर आमचा प्रत्येकाचा आयडी असायचा, तो आणि पासवर्ड दिला की मशीन आत घेई. कुणाची गावची सुट्टी मंजूर झाली रे झाली, की हसनभाई अर्जावर सही करायच्या आधी त्या माणसाच्या आयडीची मुदत घालून टाकायचे. अमुक तारखेला बंद. सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी भलतंच काही करू नये म्हणून. एकदा थॉमसची सुट्टी ऐनवेळी पुढे गेली आणि तो सकाळी आला तर मशीन त्याला आत घेईना. हसनभाई स्वतः ओशाळले, पण सवय काही सोडली नाही. माणूस विसरतो, मशीन विसरत नाय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घरी, उम्म अल हस्समला, आम्ही खूपदा जेवलो. माझी बायको सुनंदा आणि खदीजाभाभी यांचं इतकं जमलं होतं की एकीनं केलेल्या घावन्यांचं पीठ दुसरीच्या फ्रिजमध्ये सापडायचं. आमचा फ्लॅट माहूजला, अंतर काही फार नव्हतं. आणि दर मंगळवारी संध्याकाळी हसनभाई आमच्याकडे यायचे, ते माझ्या मुलीला गणित शिकवायला. मधुरा ईसा टाउनच्या शाळेत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. हसनभाईंना ते चालत नसे. गणित कुठल्याही भाषेत कर, पण चुकलीस तर का चुकलीस हे मराठीत सांग, अशी त्यांची अट होती. मग ती अडखळत, वैतागत सांगायची आणि ते चहा पीत शांतपणे ऐकायचे. लीप वर्षाचा नियम तिला त्यांनीच शिकवला. चारानं भाग जातो ते लीप वर्ष, पण शतकाचं वर्ष असलं तर चारानं जाऊन भागत नाही, चारशेनं जावा लागतो. म्हणून एकोणीसशेला एकोणतीस फेब्रुवारी नव्हता आणि दोन हजारला आहे. "सगळं जग दोन शून्यांना घाबरतंय," ते तिला म्हणाले होते, "पण खरी गंमत फेब्रुवारीत हाय."

ही दोन शून्यांची भानगड आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना पटत नाही. जुन्या मशीनमध्ये जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहीत. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, आणि मग शून्य शून्य. त्या दोन शून्यांना मशीन एकोणीसशे समजणार आणि सगळे हिशेब शंभर वर्षं मागे जाणार. आम्ही पहिल्यांदा तारीख पुढे टाकून पाहिली तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांच्या यच्चयावत फ्रिजांची वॉरंटी संपलेली निघाली. काल विकलेल्या फ्रिजचीसुद्धा. पडद्यावर एकच ओळ: मुदत संपली. थॉमसच्या तोंडचं पाणी पळालं. हसनभाई मात्र खुशीत आले. म्हणाले, ही ओळ ध्यानात ठेवा, हा रोग जिथं असेल तिथं हीच ओळ दिसेल.

मी ती चांगलीच ध्यानात ठेवली.

मग दीड एक वर्ष आम्ही दुसरं काही केलंच नाही. हसनभाईंनी लिहिलेलं हजारो ओळींचं काम, त्यातली प्रत्येक तारीख शोधायची, साल चार आकडी करायचं, तपासायचं. शिवाय टेबलाटेबलावरचे पीसी. ते आम्ही शोरूममध्ये, गोदामात जाऊन एकेक तपासत होतो. जो पास झाला त्याला हिरवा स्टिकर. गोदामातल्या पठाणाला हे इतकं आवडलं की त्यानं एक रोल मागून घेतला आणि चहाची किटली, पंखा, स्वतःचं घड्याळ, सगळ्याला हिरवे स्टिकर लावले. हसनभाई किटलीकडे बघून गंभीरपणे म्हणाले, हिची चाचणी झाली काय? मग चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, पास. त्या दिवशी परतताना गाडीत त्यांनी एक स्टिकर माझ्या शर्टाच्या खिशावर दाबून बसवला. म्हणाले, चिपळूण दोन हजारसाठी तयार.

त्या माणसावर माझा जीव होता. हे सरळ सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मला दुसरीकडून बोलावणं आलं. आमच्यासारख्या लोकांना तेव्हा एकदम भाव आला होता. पगार जास्त होता, पण मला ओढ लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. ते तीन वर्षांचा करार देत होते. मधुरा दहावीत गेली होती, परीक्षा पुढच्या मार्चमध्ये. आखातातल्या माणसाचं सगळं बिऱ्हाड त्याच्या व्हिसावर उभं असतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बायको, मुलगी, शाळा, भांडीकुंडी सगळं उचलायचं. माझ्या कंपनीचा करार वर्षावर्षानं वाढायचा. एवढी एक दहावी नीट पार पडावी, मग काय व्हायचं ते होवो, असं सुनंदा रोज म्हणायची.

मी हसनभाईंकडे गेलो. कंपनीनं रिलीज दिल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे आणि तो त्यांच्या शब्दावर मिळाला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं. म्हणाले, तू गेलास तर हे काम अर्ध्यात राहील, कोट्टायम एकटा पुरा पडणार नाय, आणि माझे डोळे आता पूर्वीचे नायत. हे खरं होतं. मी म्हणालो, मला पैशांचं नाही, मला फक्त मधुराच्या परीक्षेपर्यंत इथं असायला हवं. दोन हजार उजाडल्यावर कंपनीला आमची गरज उरेल का, तेवढं सांगा.

ते स्वेटरचं बटण लावत होते. ते आधीच लावलेलं होतं, तरी लावत होते. म्हणाले, "राहशील रे. इंशाल्ला."

मी दुसऱ्या कंपनीला फोन करून नाही म्हणून कळवलं. सुनंदानं खदीजाभाभींना ओल्या नारळाच्या करंज्या पाठवल्या. त्या ऑफिसात, त्या माणसाच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता आणि ऐकला तेव्हा माझ्या कानांना काही म्हणजे काही जाणवलं नाही. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते, पण त्यांची अधिक येते.

शरद ऋतूत एका शुक्रवारी आम्ही मोठी रंगीत तालीम केली. शुक्रवारी ऑफिस बंद, म्हणून मोठ्या मशीनची तारीख खुशाल पुढे करता येणार होती. सकाळी एकतीस डिसेंबर घातला आणि मशीनला जानेवारीत जाऊ दिलं. बिलं निघाली, पगार निघाले, वॉरंटी जिथल्या तिथं. मग हसनभाईंनी तारीख एकोणतीस फेब्रुवारी केली आणि म्हणाले, मी जुम्माला जाऊन येतो, तोवर तुम्ही सुरू करा. जाताना एक सांगितलं: आज कुणी आपल्या नावानं आत जायचं नाय, सगळ्यांनी 'टेस्ट' हाच आयडी वापरायचा. कारण काही सांगितलं नाही. त्यांच्या शिस्तीला कारण विचारायची पद्धत नव्हती.

ते गेले. 'टेस्ट' आयडी थॉमसनं छपाईला गुंतवून ठेवला होता आणि मला थांबवेना. मी माझा आयडी दिला, पासवर्ड दिला. मशीननं मला आत घेतलं नाही. पडद्यावर एकच ओळ आली, मुदत संपली.

मला झालेला आनंद काय सांगू. दीड वर्ष ज्या किड्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो तो, सगळ्यांच्या हातून निसटलेला, मला सापडला होता. आणि तोही एकोणतीस फेब्रुवारीचा, हसनभाईंच्या लाडक्या तारखेचा. थॉमसनं आपला आयडी देऊन पाहिला. त्यालाही मशीन आत घेईना. अमलला मात्र घेतलं. हे तर अधिकच रंगतदार झालं. हसनभाई मशिदीतून आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि त्यांच्या स्वेटरला धरून मशीनपाशी आणलं.

त्यांनी ती ओळ पाहिली. खूप वेळ पाहिली. मी म्हणालो, हसनभाई, तुमचा देऊन बघा ना. ते म्हणाले, राहू दे, मी नंतर बघतो. मी ऐकतोय कसला. अमलही म्हणाली, बघा बघा. शेवटी त्यांनी उभ्या उभ्या, दोन बोटांनी आपला आयडी दिला. मशीननं त्यांना आत घेतलं.

"हा माझा किडा हाय," ते म्हणाले. "माझ्यावर सोड."

पण मी सोडला नाही. मला तो शोधून त्यांच्यापुढे ठेवायचा होता. त्यांचा आणि अमलचा आयडी जातो आणि थॉमसचा आणि माझा जात नाही, याला काहीतरी कारण असणार. मी नावांची लांबी पाहिली. आमचे आयडी कधी बनवले ते पाहिलं. मुदतीचा हिशेब मशीन फेब्रुवारीत कसा करतं ते सांगणारी मॅन्युअलं वाचली. रोज चहाच्या वेळी मी हसनभाईंना माझी नवी शंका सांगायचो. ते ऐकायचे, अगदी मधुराचं ऐकायचे तसे. मुदत त्यांनीच घातलेली असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. का शिवावा? मी काही सुट्टीवर जाणार नव्हतो. आणि त्या वर्षी आम्हा सगळ्यांना जिकडेतिकडे तो एकच रोग दिसत होता.

एकदा माझ्या सगळ्या शंका संपल्या तेव्हा त्यांनी मला स्वतःहून एक सुचवली. म्हणाले, जुने आयडी आणि नवे आयडी वेगळ्या तऱ्हेनं बनवलेले हायत, त्या बाजूनं बघ. मी आणखी एक आठवडा त्या बाजूनं पाहिलं.

मग एके सकाळी ते म्हणाले, सापडला, लीप वर्षाचाच होता, ठीक केला. आम्ही पुन्हा फेब्रुवारी घालून पाहिला. माझा आयडी आत गेला. थॉमसचा गेला. मी विचारलं, नेमकं काय होतं? म्हणाले, बारीकसं होतं, सवडीनं सांगतो. मी खाली जाऊन हलव्याचा डबा आणला आणि मजलाभर वाटला. हसनभाईंनी हलवा हातात घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मला वाटलं, डायबेटिसला भीत असतील.

एकतीस डिसेंबर रमजानमध्ये आला. आम्ही सगळे ऑफिसात होतो, खदीजाभाभींनी सगळ्यांसाठी सांदणं पाठवली होती, आणि काहीही झालं नाही. नव्याण्णव गेलं, दोन हजार आलं, फ्रिजांच्या वॉरंट्या शाबूत. मालकांचा मुलगा, नुकताच परदेशात शिकून आलेला, येऊन प्रत्येकाशी हात मिळवून गेला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. लोक अजून मला विचारतात की त्या दोन शून्यांनी खरंच कुणाचं काही बिघडलं का. मी सांगतो, नाही, मशीन कुणाचंच बिघडलं नाही.

ईदची सुट्टी संपली आणि थॉमसला आणि मला पत्रं मिळाली. कंपनी बाहेरून तयार सॉफ्टवेअर विकत घेत होती, ते विकणाऱ्यांचीच माणसं ते चालवणार होती, आमची सेवा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जुनं सगळं नव्यात सुखरूप नेता यावं म्हणून आधी ते शुद्ध करून घ्यायचं होतं, म्हणून आम्हाला दोन हजारपर्यंत ठेवलेलं. पत्रावर मालकांच्या मुलाची सही होती.

आता हे ऐका. पत्र हातात घेऊन मी हसनभाईंकडे गेलो तो त्यांचं सांत्वन करायला. माझी पक्की समजूत की म्हाताऱ्याला अंधारात ठेवून पोरानं हे केलं. त्यांनी आयुष्य घालून लिहिलेलं सगळं भंगारात जाणार होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही काय करणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून मलाच भरून आलं. त्या रात्री मी सुनंदाला म्हणालो, आपलं जाऊ दे, हसनभाईंचा केसानं गळा कापला लोकांनी.

खदीजाभाभींचे फोन मात्र बंद झाले. मंगळवारी हसनभाई आले नाहीत. मधुरा वही उघडून बसली होती. सुनंदा म्हणाली, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत असेल. तिला माझ्या आधी कळलं होतं की काय, कोण जाणे.

परीक्षा मार्चमध्ये आणि व्हिसा त्याच्या आधी रद्द होणार. केंद्र बदलून भारतात परीक्षा देता येईल का म्हणून मी शाळेत खेटे घातले. ऐनवेळी ते होईना. दोन महिने, फक्त दोन महिने व्हिसा राहू द्या, पगार देऊ नका, असा अर्ज मी कंपनीला केला होता. उत्तर नव्हतं.

माझ्या शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी मी टेबल आवरायला गेलो. मशीन चालू होतं. हातांना सवय, बसलो आणि आयडी दिला, पासवर्ड दिला. पडद्यावर ओळ आली, मुदत संपली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. ही ओळ मी या खुर्चीत बसून आधी पाहिली होती, त्या शुक्रवारी. एकोणतीस फेब्रुवारीला हिशेब चुकत नव्हता. जुने आयडी आणि नवे आयडी असं काही नव्हतंच. मशीनला तेव्हाच माहीत होतं की फेब्रुवारीच्या अखेरीस थॉमस आणि मी इथं नसणार, कारण हसनभाईंना ज्या दिवशी हे कळलं त्याच दिवशी त्यांनी ते मशीनला सांगून टाकलं होतं. आपल्या सवयीप्रमाणे. 'ठीक केला' म्हणजे ती मुदत तेवढ्यापुरती काढली आणि मागाहून गुपचूप परत घातली. आणि मी तो किडा शोधत होतो. रोज चहाच्या वेळी त्यांना येऊन सांगत होतो, आणि ते ऐकत होते.

नोकऱ्या जातात. मालक लोक असंच वागतात, त्याचं मला आज काही वाटत नाही. पण मला त्या आठवड्यांमध्ये नुसतं शोधू दिलं, वर शोधायला नवी वाट दाखवली, ते अजून गिळवत नाही.

हसनभाईंना नवी खोली मिळाली होती. काचेची, कोपऱ्यातली. नव्या सॉफ्टवेअरवर कंपनीच्या बाजूनं लक्ष ठेवायला त्यांना ठेवून घेतलं होतं, हे मला त्या खोलीच्या दारावरची पाटी वाचून समजलं. आत शिरलो तेव्हा ते एकटेच होते. स्वेटर तोच. भिंतीवर कुठल्यातरी दुकानाचं कॅलेंडर, फेब्रुवारीचं पान.

मी काही प्रस्तावना केली नाही. विचारलं, "मी शोधत होतो तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी नाटक केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणतो. बारीक आवाजात म्हणाले, "तू थांबला नसतास." मग म्हणाले, "मालकांनी मला सांगितलेलं, काम पुरं होईस्तोवर दोघांतला एकही गेला तर तू पण जा. माझी दोन्ही पोरं अजून शिकतायत, चिपळूण."

मला वाटलं होतं की मी ओरडेन. जिन्यातून येताना शब्दसुद्धा जुळवले होते. पण त्यांनी गावाच्या नावानं हाक मारली आणि ते सगळे शब्द कुठल्या कुठे गेले. मधुरा मात्र समोर दिसत राहिली, वही उघडून मंगळवारची वाट बघत बसलेली. मी म्हणालो, तुमच्या पोरांचं कळलं, माझ्या पोरीचं काय? अर्ज तुमच्याच टेबलावरून पुढे जायचाय. दोन महिन्यांचा व्हिसा.

ते पटकन खुर्चीत पुढे सरकले. काहीतरी करता येण्यासारखं सापडलं म्हणून असेल, त्यांचा चेहरा जरा उजळला. म्हणाले, "मी बोलतो धाकट्या मालकाशी. होईल ते. इंशाल्ला."

या वेळी माझ्या कानांनी बरोबर ऐकलं.

"त्याला मध्ये घेऊ नका, हसनभाई," मी म्हणालो. "तारीख सांगा."

त्यांनी चष्मा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पानावर शेवटच्या ओळीत एकोणतीस आकडा होता, चारशेनं भाग जाणाऱ्या वर्षाचा. ओठ हलले, मला वाटलं आता सांगतील. मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी चष्मा पुन्हा घातला, पडद्याकडे तोंड फिरवलं आणि दोन बोटांनी काहीतरी टाइप करायला लागले.